वाव

रत्नागिरीला, तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या मजल्यावर
चार दिवसांचं प्रशिक्षण.
हजेरीपटावर महावितरणचे दोघे, जिल्हा बँकेची एक,
बंदर खात्याचे मुणगेकर, निवृत्तीला सात महिने उरलेले,
आणि मी, सुनेत्रा खवळे,
तारामुंबरीच्या मच्छीमार सोसायटीची लेखनिक,
जिच्या अकरा वर्षांच्या डिझेल-परताव्याच्या नोंदी
कोल्हापूरच्या इंगळ्यांच्या प्रोग्राममध्ये अडकल्यात.
इंगळ्यांनी दुकान बंद केलं.
आता तिथे चपला मिळतात.

पुस्तिकेत शब्द होते
वहनीयता, आंतरव्यवहार्यता.
मुणगेकर पुटपुटले,
"ह्याच्यापरास ओहोटीत होडी ओढूची बरी."
मॅडम हसल्या. नफीसा होडेकर, मूळच्या जैतापूरच्या.
पुस्तिका मिटून त्यांनी फळ्यावर एक तारीख लिहिली:
०३/०८.
बँकवाली म्हणाली, तीन ऑगस्ट.
माझ्या यंत्राने वाचलं, आठ मार्च.
तीन ऑगस्टला बंदी उठून दोन दिवस झालेले असतात,
आठ मार्चला बर्फाचा भाव विचारत नाही असा माणूस नसतो
आमच्या जेटीवर.
"आकडे तेच," मॅडम म्हणाल्या, "करार नव्हता.
मानक म्हणजे करार.
आणि खुलं मानक म्हणजे
सही न करणाऱ्यालाही वाचता येतो असा करार."

सगळे लिहून घेत होते.
मला आप्पांची वही आठवली.

खाडीच्या तोंडाचा सगळा तळ आहे त्या वहीत,
शिसपेन्सिलीने, थुंकी लावून गडद केलेला:
दीपगृह पाठीशी, सुरूची रांग देवळावर,
सात वाव, खाली खडप.
वाव म्हणजे दोन्ही हात पसरून
छातीवरून ताणलेली दोरी.
कुणाचे हात, असं लहानपणी विचारलं होतं.
"माजेच. दुसऱ्याचे कित्याक?"

गेल्या दसऱ्यानंतर हात गेले.
आकडे राहिले.

चहाच्या सुट्टीत मी मॅडमना गाठलं.
मोजणाराच गेला असेल तर?
त्यांनी कप खाली ठेवला. बऱ्याच वेळाने म्हणाल्या,
"त्याने मागे ठेवलेलं काहीतरी शोधा,
ज्याची लांबी तुम्हाला मोजता येईल."

शनिवारी रात्री एसटीने घरी आले.
आईने ट्रंकेतून लग्नाकार्याचा शर्ट काढला,
लांब बाह्यांचा, टेरिकॉटचा.
जमिनीवर पसरला, बाह्या सरळ केल्या,
एक कफ तिने धरला, एक मी.
मधे शिंप्याची टेप.
चोपन्न इंच.
ढगळ होता का गं?
"शिवलो तेव्हा नव्हतो."

तळवे राहिले.
आईने माझा हात उलटा केला, आपल्या मांडीवर ठेवला,
मधल्या बोटाच्या टोकापुढे आपलं एक बोट आडवं धरलं,
आणि तिथेच थांबली.
"तुझ्यापरास एवढे मोठे."
साडेसात आणि साडेसात.

एकोणसत्तर.
नकाशावरचा वाव बहात्तर इंचांचा.
प्रत्येक वावामागे तीन इंच कमी,
सात वावांत एकवीस.
पावणेदोन फूट म्हणजे काही फार नाही,
भाकरीच्या टोपलीएवढं पाणी.
पण शेजारच्या बाबल्याच्या पोराने नवा ट्रॉलर घेतलाय,
त्याचा पंखा खोल आहे,
आणि वही मागायला तो परवाच येऊन गेला.

पहिल्या पानावर, आप्पांच्या नावाखाली, मी पेनाने लिहिलं:
ह्या वहीतला वाव एकोणसत्तर इंचांचा.
शर्टावरून मोजला. तळवे अंदाजे.
आईने वाचायला लावलं, दोनदा,
मग शर्टाची घडी घातली,
जुन्या घडीवर नाही, दुसऱ्याच ठिकाणी.

इंगळ्यांचं अजून तसंच आहे.
सोमवारी चपलांच्या दुकानात फोन करून विचारीन,
आधीचा माणूस हल्ली राहतो कुठे.